अमोलची मंडळी

वर्ध्याला जाऊन आले म्हटलं की आमच्या वसईत पहिला प्रश्न ठरलेला, "मग सेवाग्राम पाहिलंस की नाही?" नाही पाहिलं. आठवडाभर राहिले, त्या फाट्यावरून येता-जाता गेले, पण आत वळले नाही. ज्याच्याकडे गेले होते त्याला वेळ नव्हता. आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी जे पाहत होते, ते सोडून दुसरीकडे कुठे जावं असं मलाही वाटलं नाही.

तो म्हणजे अमोल. वसईत एका कारखान्यात नोकरीला होता तेव्हा आमच्या माडीवर भाड्यानं राहायचा. मुलगा प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण नाताळची करंजी दोघांचीही तीच, त्यामुळे तो घरचाच झाला. बोंबील मात्र शेवटपर्यंत नाक दाबून खाल्ले. एक दिवस जेवताना म्हणाला, "मावशी, नोकरी सोडतोय. धर्मशिक्षण घेऊन गावाकडे जाणार." आता तो वर्ध्यातल्या एका लहानशा मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, तरुणांचा पाळक आहे, म्हणजे पास्टर. आमच्याकडे धर्मगुरू म्हणजे फादर. पांढरा झगा, संसार नाही, देवळाशेजारी (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) बंगला. हा जीन्स घालतो, लग्न झालेला, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. तरुणांचा पाळक नक्की करतो काय, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी फोनवर तोच म्हणाला, "या ना मावशी. सांगून नाही कळायचं."

सिंदी मेघे

जानेवारीची सकाळ. वसईच्या थंडीला आम्ही थंडी म्हणतो ते किती लाडानं, हे वर्ध्याच्या फलाटावर उतरल्यावर कळलं. अमोल कानटोपी घालून उभा. माझ्याशी बोलला ते आमच्यासारखं. तेवढ्यात फोन वाजला आणि त्याची भाषाच बदलली. "हो बापा, येऊन राह्यलो. तू तिथंच राहजो." मग ओशाळून मला म्हणाला, "मावशी, आमच्या एका पोराच्या वडिलांना रात्री दवाखान्यात आणलंय. घरी जायच्या आधी थोडं थांबू?"

तर वर्ध्यात मी पाहिलेलं पहिलं ठिकाण म्हणजे दवाखान्यातला व्हरांडा. बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसले. अमोल त्या मुलाच्या शेजारी बसला. मला वाटलं, आता बायबल काढेल, मोठ्यानं प्रार्थना म्हणेल. त्यानं काहीच केलं नाही. मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. मध्येच उठून चहा आणला, औषधाच्या दुकानात जाऊन आला, पुन्हा तसाच बसला. डॉक्टर येऊन "धोका टळला" म्हणाले तेव्हा तो मुलगा ढसाढसा रडला आणि अमोलनं डोळे मिटले. ओठ हलले, बस्स. मी आयुष्यभर चर्चला जात आले आहे. इतकी लहान प्रार्थना मी कधी पाहिली नव्हती.

सिंदी मेघेत तो राहतो ते घर एका किराणा दुकानाच्या वर आहे. घरमालकीण शोभाकाकू. दुकान नवरा चालवतो आणि बाकी सगळं त्या. मी पोचले तेव्हा त्यांनी तर्री-पोहे वर पाठवले. पोह्यांवर लालभडक रस्सा ओततात हे मला माहीत नव्हतं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्याला आणखी वाढून घ्यावंसं वाटलं.

"तुमचा पोरगा काय काम करते, मले अजून समजलं नाई," काकू जिन्यात बसून मला म्हणाल्या. "कोनाले दवाखान्यात नेते. कोनाचं लगन तुटून राह्यलं त तिथं जाते. मागं माह्याच पोट्टीनं कालेज सोडतो म्हनून कोंडून घेतलं, त हा दाराबाहेर बसून राह्यला. काऊन बसला? त म्हने, 'ती एकटी नको राहाले.' बाहेर आली पोरगी." इकडे बायाही 'सोडतो', 'जातो' असंच बोलतात. काकू पुढे म्हणाल्या, "आमी गणपतीवाले लोक. पन याले घर सोड म्हनाची माही हिंमत नाई होनार."

अमोलची बायको प्रीती नर्स आहे. तिची ड्यूटी संपून ती आली आणि तिघांनी मिळून वांग्याचं भरीत खाल्लं, तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं, वरून कच्च्या कांद्याची पात. समुद्राशिवाय माणसाचं जेवण होऊ शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

रविवार

आमचं देऊळ दगडी, उंच, पोर्तुगीज काळातलं. आत पाऊल टाकलं की आपोआप आवाज खाली येतो. अमोलच्या मंडळीला टिनाचं छप्पर आहे. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. तबला, ढोलकी, पेटी. गाणी भजनाच्या चालीची. सुरुवातीला मला परक्या घरी आल्यासारखं वाटत होतं. मग सगळ्यांनी मिळून टाळी धरली आणि त्या टिनाखालची हवा अशी काही थरारली की माझ्या हातांवर काटा आला.

दाराशी येसुदासकाका उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांतले सर्वांत ज्येष्ठ. कडक इस्त्रीचा काळा कोट. कुणाचा फोन वाजला की त्यांची नुसती नजर जायची. मला मात्र त्यांनी पिशवीभर संत्री दिली, "पाहुन्याले रिकाम्या हातानं पाठवत नाई आमी."

दुपारी तरुणांची सभा झाली. वीस-पंचवीस मुलंमुली असतील. त्यांत सोनल नावाची मुलगी होती, मंडळीत गाणं तीच उचलते. तिचा धाकटा भाऊ पावसाळ्यात तापानं गेला होता. ती अचानक उभी राहिली. "पास्टर, आपन सगळ्याईनं त्याच्यासाठी प्रार्थना केल्ती. देवानं काऊन नाई आयकलं?"

मी मनातल्या मनात उत्तरं शोधत होते. लहानपणापासून पाठ केलेली पुष्कळ होती. अमोल तिच्याकडे पाहून म्हणाला, "मले नाई माहीत, सोनल. मी बी देवाले हेच विचारून राह्यलो. तू विचारनं सोडू नको. मीबी नाई सोडत."

सोनल खाली बसली. रडली नाही. कुणीतरी आपल्या ओझ्याला दुसऱ्या बाजूनं हात लावला की माणूस जसा दिसतो तशी ती दिसली.

बाहेर येसुदासकाकांनी अमोलला गाठलंच. "पास्टरनंच 'माहीत नाई' म्हनलं त पोराईनं कोनाकडं पाहाव? असं चालत राह्यलं त मंडळीच्या बैठकीत बोला लागन मले." अमोलनं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला नेमणूक देणारे-काढणारे हेच लोक, हे मला प्रीतीनं नंतर सांगितलं.

नाचणगाव

मंगळवारी अमोल नाचणगावला जातो. पुलगावला लागूनच हे गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर वाळत आलेली, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, कपाशीच्या शेवटच्या वेचणीला वाकलेल्या बाया. गावाच्या कडेला गजाननभाऊंचं घर. वांगी, पालक, मेथी, कोथिंबीर लावतात आणि पुलगावच्या बाजारात नेतात.

ओसरीवर दोन खाटा होत्या, एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. एकीवर गजाननभाऊंची आई अंजनाबाई, गळ्यात तुळशीची माळ, काठी हाताशी. दुसरीवर मार्थाआजी. मार्थाआजी अमोलच्या मंडळीतली. नवरा तरुणपणीच गेला, मूल नाही. चाळीस-एक वर्षं या दोघी पुलगावच्या बाजारात शेजारी शेजारी बसून भाजी विकत होत्या. मार्थाआजीचे पाय गेले तेव्हा अंजनाबाईंनी मुलाला सांगून तिला बैलगाडीत घालून घरी आणलं.

"लोक म्हनत, कायले आनलं?" अंजनाबाई मला म्हणाल्या. "म्या म्हनलं, इतके दिवस हिच्या बाजूनं बसली. आता घरात एकटी बसू का?"

मार्थाआजीला आता फारसं ओळखू येत नव्हतं. माझ्याकडे बघून तिनं गोड आवाजात विचारलं, "सांभार देऊ का, बाई?"

मला वाटलं, दुपारच्या वेळी ही मला इडलीबरोबरचं सांबार विचारतेय. "नको आजी, आत्ताच जेवले," मी म्हटलं. ओसरीभर हसू फुटलं. कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात. म्हातारी मला गिऱ्हाईक समजली होती! मग मी म्हटलं, "द्या एक जुडी." तिनं हवेतली जुडी उचलून माझ्या ओंजळीत ठेवली, आणि वर दोन काड्या जास्त घातल्या.

अमोलनं कोमट पाणी मागून घेतलं. मार्थाआजीचे हात धुतले, पाय धुतले, खिशातून नेलकटर काढून तिची नखं कापली. मंडळीतली मुलंमुली आळीपाळीनं येऊन हे करतात, मंगळवार त्याचा. मग त्यानं पिशवीतून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची लहानशी बाटली काढली. प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. प्रार्थना म्हणताना अंजनाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. पेला ओठांना लावायची वेळ आली तेव्हा मार्थाआजीची मान सावरेना. अंजनाबाई पुढे सरकल्या आणि आपल्या हातानं तिचं डोकं उचलून धरलं. एकीच्या गळ्यात तुळस, दुसरीच्या ओठांवर प्रभूचा पेला, आणि त्या दोघींमध्ये गुडघ्यांवर बसलेला अमोल. मी खांबाला टेकून उभी होते. आमच्याकडे फादर भाकर उंच धरतात आणि वेदीवर घंटा वाजते तेव्हा जसं होतं तसं मला तिथं झालं. मी गुडघे टेकले.

गिरड

गुरुवारी प्रीतीला सुटी होती. "मावशीले एक दिस तरी फिरवा," म्हणून तिनं हट्ट धरला आणि आम्ही एसटीनं गिरडला गेलो. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. पायऱ्या चढायला लागले आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. फुलं विकणाऱ्या एका बाईनं काही न विचारता आपल्या पायातल्या चपला काढून दिल्या. "घालून जा, वापस येताना देजो." मी म्हटलं, मी परत दुसऱ्या वाटेनं उतरले तर? ती हसली, "बाबाकडं जाऊन राह्यली तू. कुठी जाशीन?"

टेकडीवर सुपारीएवढे गोल गोल दगड सापडतात. बाबांशी खोटं बोललेल्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी गोष्ट सांगतात. कपाळाला कुंकू लावलेल्या बाया चादर घेऊन चालल्या होत्या, त्यांच्यापुढे टोपी घातलेले म्हातारे, आणि त्यांच्यात कुणी कुणाला इथं का आलास असं विचारत नव्हतं. वरून पाहिलं तर चहूकडे सपाट जमीन, तुरीचा तपकिरी आणि गव्हाचा हिरवा रंग पार आभाळापर्यंत गेलेला. मी समुद्रकाठची बाई. इतकं अफाट पाहायला मला पाणी लागतं असं वाटायचं. इथं मातीच तशी पसरली होती. आम्ही तिघं नुसते बसून राहिलो.

तिथंच अमोलचा फोन वाजला. गजाननभाऊ होते. "पास्टर, आजी गेली."

अमोल उठून उभा राहिला. "कोनती?" त्यानं विचारलं.

मार्थाआजी. जेवणानंतर डोळा लागला तो लागलाच.

पुलगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी नाचणगावच्या त्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला मंडळी, एका बाजूला गाव. प्रीतीनं आणि गजाननभाऊंच्या बायकोनं मिळून आजीला आंघोळ घालून पांढरं लुगडं नेसवलं होतं. मुलांनी शवपेटी आणली होती. आणि पेटीत निजलेल्या मार्थाआजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

येसुदासकाकांनी ती पाहिली. "हे कोनं घातलं?"

"मायनं," गजाननभाऊ म्हणाले. "सोताच्या गयातली काढून देली. आजवर आंघोयीलेबी काढली नव्हती तिनं."

"ते ठीक हाय भाऊ, पन ही माळ काढा लागन." काका म्हणाले. ते दुष्टपणानं बोलत नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. "मार्थाबाई विश्वासात जगली, विश्वासात मेली. तिचं तोंड बंद झालं म्हनून तिच्या गयात आपन काहीबी घालाचं का? पास्टर, तुमी काढा."

गावातली माणसं पुढे सरकली. कुणीतरी म्हणालं, "हात लावून पाहा." मंडळीतली मुलं अमोलकडे बघू लागली. सोनलही. मी प्रीतीचा हात धरला.

अमोल पेटीशी गुडघे टेकून बसला. मग म्हणाला, "काका, आजीनं ही माळ मागतली नाई. मी घातली नाई. अंजनाआजीजवळ देण्यासारखं इतकंच होतं, ते तिनं देलं. मी नाई काढनार."

"मग मंडळीपुढं उत्तर द्या लागन तुमाले. मी माती देताना प्रार्थनाबी नाई करनार."

"देईन उत्तर," अमोल म्हणाला. "जे म्हनसान ते आयकीन. पन माळ नाई काढत."

ओसरीवरून अंजनाबाईंचा आवाज आला, "पोट्टे काऊन भांडून राह्यले रे?"

गजाननभाऊंनी सांगितलं. त्या उठल्या. काठी टेकत, सुनेचा खांदा धरत पेटीपर्यंत आल्या आणि जमिनीवर बसल्या. येसुदासकाकांकडे पाहून म्हणाल्या, "तिच्या देवाले चालत नसन, त काढतो बापा. तिले तिकडं कोनी बोलाले नको माह्या पायी." आणि मार्थाआजीच्या मानेखाली हात घालून माळेची गाठ शोधू लागल्या.

गाठ सापडेना. त्या पुन्हा पुन्हा चाचपडत होत्या आणि तोंडानं मार्थाआजीला सांगत होत्या, "थांब वं, थांब, निघते आता."

येसुदासकाका खाली बसले. त्या वयाच्या माणसाला खाली बसायला वेळ लागतो. मला वाटलं, आता हेच काढणार. त्यांनी अंजनाबाईंची बोटं धरली आणि अलगद बाजूला केली. मग तिरकी झालेली माळ मार्थाआजीच्या छातीवर नीट सरळ केली.

"राहू द्या, माय," ते म्हणाले. "चालते त्याले."

एवढंच. अमोलनं तोंड ओंजळीत लपवलं. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

गजाननभाऊंच्या भाजीच्याच टेम्पोतून पेटी निघाली. पुढे ड्रायव्हरशेजारी अंजनाबाई, मागे पेटीशेजारी एका बाजूला अमोल आणि एका बाजूला काका. आमच्या वसईत अंत्ययात्रेला बँड असतो, काळे सूट असतात. इथं टेम्पोच्या मागून सोनलनं गाणं उचललं होतं आणि ज्यांना शब्द येत नव्हते ते गावकरी नुसतीच चाल धरत होते. पुलगावच्या बाजारातून जाताना भाजीवाल्या बायांनी पुढे बसलेल्या अंजनाबाईंना पाहिलं आणि त्यांना कळलं. एक उठली, दुसरी उठली. ढिगांवर ओली पोती टाकली, वजनकाटे तिथंच ठेवले आणि त्या आमच्यामागे चालू लागल्या. गिऱ्हाईकं पिशव्या घेऊन बाजूला उभी. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. मी वळून पाहिलं तर रस्ता लुगड्यांनी भरला होता. माझी आईही बाजारात केळी विकायची. तिच्यामागे कधी कुणी असं चाललं नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, तिच्याहीसाठी या बाया चालताहेत.

कबरस्तानात मुलांनी आणि गजाननभाऊंच्या मित्रांनी सकाळीच खड्डा खणून ठेवला होता. काळी माती वर भुसभुशीत आणि खाली दगडासारखी. सगळ्यांच्या तळहातांना फोड आले होते. येसुदासकाकांनी प्रार्थना केली. मोठी करायचे ते, प्रीती म्हणाली. त्या दिवशी दोन वाक्यांत संपली. पेटी खाली गेली. मग एकेकानं मूठ मूठ माती टाकली. मी टाकली, शोभाकाकू सिंदी मेघेहून आल्या होत्या त्यांनी टाकली, बाजारातल्या बायांनी ओळीनं टाकली.

अंजनाबाईंना वाकता येईना. काकांनीच ढेकूळ फोडून, खडे वेचून मऊ माती त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांचा दंड धरून कडेपर्यंत नेलं. सगळे थांबले होते. त्यांनी खाली पाहिलं. रडल्या नाहीत. माती सोडली, हात लुगड्याला पुसले, आणि दिवेलागणीला बाजार उठताना शेजारणीला सांगावं तशा रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"हो पुढं, मार्थे. मी आवरून येतो."